अर्धपोटी कृमीचे दीर्घायुष्य

फराळाचे ताट पुढ्यात असताना उपाशी राहण्याच्या गोष्टी काढणे हा औचित्यभंगच! पण वाचकांनी चकली खाली ठेवू नये. ही हकीकत उपदेशाची नाही, इतिहासाची आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. शिलाहारांच्या या देवळात महाशिवरात्रीला आसपासच्या गावांतून भाविक उपाशीपोटी येतात. एकदा जेवतो तो योगी, दोनदा जेवतो तो भोगी आणि तीनदा जेवतो तो रोगी, असे वडीलधारी माणसे सांगत आली. पण कमी खाल्ल्याने आयुष्य खरोखरच वाढते काय?

१९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि मेरी क्रोवेल यांनी याचे एक उत्तर दिले. त्यांनी काही उंदरांचे अन्न कमी केले. जीवनसत्त्वे आणि क्षार यांत मात्र काटकसर केली नाही. ते उंदीर खुजे राहिले. पण त्यांतले कित्येक, विशेषतः नर, पोटभर खाणाऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक जगले.

परंतु उंदीर मरेपर्यंत वाट पाहायची, तर संशोधकाची वर्षे खर्ची पडतात. पुढे मदतीला आला तो सूत्रकृमी. बदलापूरकडच्या भातखाचरांतील मूठभर चिखल उचलला, तरी त्यात सूत्रकृमींच्या नाना जाती वळवळत असतील. त्यांतलीच एक जात, लांबी जेमतेम एक मिलिमीटर आणि आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे, सिडनी ब्रेनर यांनी १९६३ च्या सुमारास केंब्रिजमध्ये अभ्यासासाठी निवडली. १९७७ साली मायकेल क्लास यांनी या कृमींचे खाद्य, म्हणजे जिवाणू, विरळ करून पाहिले. कृमी अधिक दिवस जगले!

याहून नवल त्यांच्या पिल्लांचे. अन्न सरले आणि गर्दी झाली, की पिल्लू तोंड मिटून घेते, अंगावर जाड कवच चढवते आणि आठवडेच्या आठवडे तसेच तग धरते. उष्णता आणि कोरड त्याला सहज मारू शकत नाहीत. १९९३ साली सिंथिया केन्यन यांनी दाखवले, की एका जनुकात बदल झाला, तर पूर्ण वाढलेला कृमीही दुपटीहून अधिक जगतो. ते जनुक इन्शुलिनसारख्या संदेशाचे होते. अन्न मुबलक आहे, ही वार्ता पोहोचली नाही, की पेशी वाढीचा पसारा आवरतात आणि डागडुजीला लागतात. १९९५ साली असेही दिसले, की अशा दीर्घायुषी कृमींना उष्णता अधिक सोसते.

पण याची किंमतही मोजावी लागते. अर्धपोटी प्राण्याची वाढ मंदावते, संतती घटते. शिवाय माकडांचे प्रयोग एकमताने बोलले नाहीत. अमेरिकेतील एका प्रयोगाने २००९ साली आयुष्य वाढल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने २०१२ साली नाही म्हटले. दोन्हीकडच्या माकडांचा मूळ आहारच वेगळा होता. माणसाच्या आयुष्याविषयी तर ठाम निकाल लागलेलाच नाही.

म्हणूनच अंबरनाथच्या शेजारच्या उल्हासनगरची आठवण ठेवावी. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींत संसार मांडणाऱ्या त्या माणसांच्या घासाचे माप कोणा शास्त्रज्ञाने ठरवले नव्हते, आणि त्यात जीवनसत्त्वांची हमीही नव्हती. भाविकाचा उपवास दुसऱ्या दिवशी सुटतो. मॅकेच्या उंदराला क्षार मोजून मिळतात. गरिबाच्या उपासमारीला यांतले काहीच लाभत नाही. तेव्हा कृमीचा दाखला देऊन कोणी भुकेचे गोडवे गाऊ लागला, तर त्याला हा फरक जरूर सांगावा.

आणि आपण? करंज्या दोनच घ्याव्यात. उरलेल्या ज्याच्या घरी फराळ झाला नसेल, त्याच्याकडे पोचवाव्यात. त्याने आपले आयुष्य वाढेल की नाही, कोण जाणे; दिवाळी मात्र दोन घरी होईल.