पॉइंट्स, दस्तक आणि आत्याची वही

ज्यांना लोकलच्या गर्दीत हेडफोन लावूनही धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जे बोललो तेच आहे, फक्त 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत.

विषय सुचला तो आत्याच्या फोनमुळे. आत्या दिवेआगरला राहते. घरामागे नारळ-पोफळीची वाडी आहे आणि वाडीच्या कडेला पर्यटकांसाठी दोन खोल्या. त्या खोल्या एका बुकिंग अॅपवर आहेत. अॅपवाल्यांचा मेसेज आला, की आमच्या निष्ठावंत ग्राहकांना दहा टक्के सूट द्या, म्हणजे तुमचं घर यादीत वर दिसेल. आत्यानं मला सरळ विचारलं, "अरे, निष्ठावंत त्यांचे, मग सूट माझ्या खिशातून का?"

मी बी.टेक. आहे, सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातली दोन वर्षं तर पॉइंट्सचा हिशोब ठेवणाऱ्या सिस्टिमवरच गेली. तरी मला पटकन उत्तर देता येईना. म्हटलं, दोन दिवस दे. मग शोधत बसलो, आणि शोधता शोधता बराच मागे गेलो. पंधराव्या शतकात.

तेव्हा आपल्या किनाऱ्यावर चौल हे मोठं बंदर होतं. आज अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागतं तेच चौल. १४६९ च्या सुमारास तिथे एक रशियन उतरला, अफनासी निकितिन. वोल्गा नदीवर लुटला गेलेला, कर्जात बुडालेला, होर्मुझहून एक घोडा बोटीत घालून आलेला. इथे घोड्याला चांगला भाव मिळतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तो चौलहून पालीमार्गे घाट चढून जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तिथेच अडकला. परदेशी व्यापाऱ्यांसाठी इथे मुक्कामाच्या जागा असतात आणि तिथल्या बायका पाहुण्यांसाठी स्वयंपाक करतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे पैसे देऊन राहा आणि घरचं जेवा, ही व्यवस्था या भागात साडेपाचशे वर्षांपूर्वीसुद्धा होती.

पण निकितिनची खरी गोष्ट पुढे आहे. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, तर घोडा परत आणि वर सोन्याची नाणी, अशी अट घातली. तो सुटला कसा? ओळखीचा एक खोरासानी अधिकारी नेमका तिथे आला आणि त्यानं खानाकडे शब्द टाकला. परक्या मुलखात तुमचं नाव माहीत असलेला एक माणूस असणं, हाच तेव्हाचा अपग्रेड.

त्यानंतर अडीचशे वर्षांनी याच किनाऱ्यावर मेंबरशिप कार्ड आलं. हसू नका. कान्होजी आंग्रे, मराठ्यांचे सरखेल, यांच्या काळात इथून जाणाऱ्या व्यापारी जहाजाला त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं लागे. त्याआधी पोर्तुगीज हेच करायचे, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. दस्तकाचा फायदा एकच, तुमचं जहाज कोणी धरत नाही. इंग्रजांना दस्तक मान्य नव्हतं, म्हणून ते कान्होजींना चाचा म्हणत राहिले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले, आणि हात हलवत परत गेले. फी कोणी भरायची आणि संरक्षण कोणी द्यायचं, हे तिथे निदान स्पष्ट होतं. ज्याला पैसे देताय, तोच तुम्हाला सांभाळतोय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मोठी उडी मारू. १ जानेवारी १९८१ ला, अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. त्याच वर्षी १ मे ला, इकडे आपण महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेत असताना, तिकडे अमेरिकन एअरलाइन्सनं 'अॅडव्हांटेज' नावाची योजना सुरू केली. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं होतं. तिकिटांचे भाव पडायला लागले, आणि गिऱ्हाईक स्वस्त तिकिटामागे पळायला लागलं. त्याला धरून कसं ठेवायचं? अमेरिकनकडे सेबर नावाची कॉम्प्युटर रिझर्व्हेशन सिस्टिम होती. तिच्यातून वारंवार उडणारे लोक शोधले आणि त्यांच्या नावावर माइल्स जमा करायला सुरुवात केली. दुकानात खरेदीवर कुपनं चिकटवून द्यायची पद्धत तिकडे १८९६ पासून होतीच. पण कुपन कोणाच्याही हातात असलं तरी चालायचं. माइल्स नावावर होते. फरक तिथे पडला. डेटाबेस आला आणि निष्ठा मोजता यायला लागली.

हॉटेलं मागे राहणार नव्हती. १९८३ मध्ये आधी हॉलिडे इन आणि मग मॅरियट, १९८७ मध्ये हिल्टन. १९९९ मध्ये स्टारवुडनं सांगितलं, की आमच्या पॉइंट्सवर सीझनमध्येसुद्धा खोली मिळेल, 'या तारखा सोडून' वगैरे काही नाही. तेव्हा ती मोठी गोष्ट होती. २०१६ मध्ये मॅरियटनं स्टारवुड विकत घेतलं, आणि २०१९ मध्ये सगळं एकत्र करून 'बॉनव्हॉय' झालं.

इथे मी स्वतः आलो. कंपनीनं हैदराबाद-बंगळुरूला पाठवून पाठवून माझ्या वर्षाला २५ रात्री भरल्या आणि मी गोल्ड झालो. घरी पेढे वाटायचे बाकी होते. मग नियम वाचले. मॅरियटच्या गोल्डला चेकआउट दुपारी २ पर्यंत, शक्य असेल तर जरा बरी खोली आणि २५ टक्के जास्त पॉइंट्स. नाश्ता नाही! नाश्त्यासाठी प्लॅटिनम व्हायचं, म्हणजे वर्षाला ५० रात्री. बायको विचारेल, घरी कोण राहतं. आणि प्लॅटिनमचा तो प्रसिद्ध ४ वाजताचा चेकआउट रिसॉर्टला हमखास मिळत नाही, जागा असेल तरच. म्हणजे शहरात मीटिंगला जाल तेव्हा तो मिळेल, आणि समुद्रावर खरंच लोळायचं असेल तेव्हा रिसेप्शनवर विनवणी करायची. त्या मानानं हिल्टनचं गोल्ड भारतात नाश्ता देतं. हयातची वरची पायरी, ग्लोबलिस्ट, सगळ्यात दिलदार मानली जाते, पण तिथे पोचायला ६० रात्री लागतात. अकोरचा हिशोब मला इंजिनिअर म्हणून आवडतो. २००० पॉइंट्स म्हणजे ४० युरो, विषय संपला. ताजवाल्यांचा टाटा न्यूवरचा एक कॉइन म्हणजे एक रुपया, तोही सरळ. मॅरियटनं मात्र २०२२ मध्ये पॉइंट्सचा ठरलेला तक्ताच काढून टाकला. आता खोलीला किती पॉइंट्स लागतील ते मागणीवर ठरतं. तुमच्या खिशातल्या नोटेची किंमत दुकानदारानं रोज सकाळी ठरवावी, तसं.

मला आईबाबांना समुद्रावर न्यायचं होतं. फोनवर रायगडचा नकाशा उघडला. अलिबागजवळ रॅडिसनचं रिसॉर्ट आहे, त्यांची स्वतःची योजना आहे, पण माझे पॉइंट्स तिथे चालत नाहीत. बाकी मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत बंगले, फार्महाऊस आणि घरगुती खोल्या. किनाऱ्याला १९९१ पासून सीआरझेडचे नियम लागू आहेत. गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर नवं बांधकाम नाही, हा त्यातला तेव्हाचा गाजलेला नियम. गंमत बघा, १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलसमोरूनच मांडव्याच्या बोटी सुटतात, आणि ताजच्या समोरच्या पाण्यातलं घारापुरी बेटसुद्धा रायगड जिल्ह्यातच येतं. लक्झरी हॉटेल आणि आपला किनारा यांच्यात फक्त बंदराचं पाणी आहे, तरी ते पाणी ओलांडलं की कार्डावरचं गोल्ड पितळ होतं.

मग दिवेआगरला कोणती योजना चालते? वही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये दिवेआगरच्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी सापडली, आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा. दर्शनाला माणसं यायला लागली आणि गावात खोल्या निघायला लागल्या. आत्यानं तेव्हाच वही घातली. नाव, गाव, फोन, किती माणसं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. 'काकांना तिखट नको.' 'मुलगी मोदकाची पारी शिकून गेली.' 'पैसे राहिलेत, मागू नये, अडचणीत आहेत.' मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले, मुखवटा गेला. देवदर्शनाला येणारी गर्दी आटली. वहीतली माणसं येत राहिली. त्यांना आत्याकडे सूट नव्हती, पण पोचल्यावर कोकम सरबत आणि निघताना चार नारळ ठरलेले. आणि चेकआउट? गाडीत सामान भरून होईल तेव्हा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगतो, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या होत्या. पोफळ लावली की उत्पन्नाला पाच-सहा वर्षं लागतात. आत्याच्या खोल्यांचे पत्रे शेजारच्या विहिरीत सापडले. लाइट नाही, नेटवर्क नाही, वर लॉकडाऊन. कितीतरी दिवसांनी फोन लागायला लागला, तेव्हा वहीतल्या लोकांचे फोन आले. पुण्याच्या एका कुटुंबानं पुढच्या दोन वर्षांच्या मुक्कामाचे पैसे आधीच पाठवले. त्यांचं बघून आणखी काहींनी. त्यातून पत्रे आले.

आता हे ऐका. त्याच काळात जगभर हॉटेलं ओस पडली होती. एप्रिल २०२० मध्ये हिल्टननं एक अब्ज डॉलरचे पॉइंट्स अमेरिकन एक्स्प्रेसला आगाऊ विकले. मे मध्ये मॅरियटनं क्रेडिट कार्डवाल्या बँकांकडून ९२ कोटी डॉलर उभे केले. आणि त्या जूनमध्येच युनायटेड एअरलाइन्सनं आपली माइल्सची योजना तारण ठेवून पाच अब्जांचं कर्ज काढायला घेतलं. विमानं नाही, योजना तारण! सगळ्यांनी केलं तेच, जे आत्याकडे झालं. येणाऱ्या पाहुण्याच्या भरवशावर आधी पैसे घेतले. तेव्हा मला कळलं, की जिच्यावर मी दोन वर्षं कोड लिहिला ती गोष्ट ग्राहकाला दिलेली भेट नसते. तो कंपनीचा ऐवज असतो. ज्याच्याकडे यादी, त्याच्याकडे पत.

हिशोबात पॉइंट्स देणं म्हणून लिहितात, कारण कधीतरी खोली द्यावी लागणार. पण त्यातले काही पॉइंट्स कोणी वापरतच नाही. त्याला आमच्या धंद्यात ब्रेकेज म्हणतात, आणि किती ब्रेकेज होईल याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. मॅरियटमध्ये २४ महिने खात्यावर काही हालचाल नसली की पॉइंट्स जातात. तुमचं विसरणं हा मॉडेलचा भाग आहे. मी स्वतः ती क्वेरी लिहिलीये.

यादी सांभाळायचीही जोखीम असते. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅरियटनं जाहीर केलं, की स्टारवुडच्या रिझर्व्हेशन डेटाबेसमध्ये २०१४ पासून चोर बसलेले होते. कोट्यवधी पाहुण्यांची माहिती गेली, त्यात पन्नास लाखांवर पासपोर्ट नंबर एनक्रिप्ट न केलेले. आत्याची वही फडताळात असते, देवाच्या पोथ्यांखाली. वादळात ती भिजली नाही, कारण आत्यानं घरातून बाहेर पडताना दागिन्यांच्या डब्याबरोबर तीच उचलली होती.

तर आत्याचा प्रश्न. अॅपच्या योजनेत पाहुणा निष्ठावंत आहे तो अॅपशी. यादी अॅपकडे राहते. पाहुण्याचा खरा फोन नंबरसुद्धा आत्याला तो दारात आल्यावर कळतो. सूट आत्या देते, वर कमिशनही आत्याच देते. उद्या शेजारच्या वाडीनं पंधरा टक्के दिले, की आत्या यादीत खाली. कान्होजींच्या दस्तकात निदान पैसे घेणारा आणि राखण करणारा एकच होता. इथे वादळ आलं तर अॅप काही पत्रे पाठवणार नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती आत्यानंच मांडली. वहीतली माणसं म्हातारी होतायत. काकांना आता गाडी झेपत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाल्यापासून येणारी तरुण पोरं फोनवरच खोली बघतात. त्यांच्यासाठी आत्या म्हणजे चार पॉइंट सात स्टार. ती म्हणाली, "ते आलेच नाहीत तर वहीत लिहू कुणाला?"

शेवटी आम्ही ए-बी टेस्ट केली. समुद्राकडची खोली अॅपवर, दहा टक्क्यांसकट. वाडीकडची फक्त वहीवर. अॅपच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला आत्या जेवायला मोदक वाढते आणि मग वही पुढे करते. परवा फोन केला तेव्हा म्हणाली, ठाण्याचा एक मुलगा दुसऱ्यांदा आलाय, आणि या वेळी त्यानं थेट तिलाच फोन केला होता. मी विचारलं, "शेऱ्यात काय लिहिलंस?"

"तूप जास्त लागतं."