रुळांकाठची वसई

वसई हे गाव आणि वसई रोड हे स्थानक यांमध्ये पूर्वी टांग्याचा प्रवास होता. इंग्रजांच्या काळातील रेल्वेचा संकेतच तसा होता. गाव एका अंगाला राहिले आणि लोहमार्ग दुरून गेला, की स्थानकाच्या नावाला ‘रोड’ जोडायचे. किल्ला, बंदर, पापडीचा बाजार हे सारे समुद्राच्या बाजूला राहिले आणि रूळ पडले ते माणिकपूर आणि नवघर या गावांच्या शिवारातून. म्हणजे ज्या वसईचे नाव पाटीवर लागले तिला रेल्वे लांब पडली, आणि ज्यांच्या जमिनीवर ती उभी राहिली त्या गावांचे नाव पाटीवर कधीच आले नाही. पुढच्या दीडशे वर्षांत माणिकपूर-नवघरचे जे झाले, त्याची सुरुवात या साध्या निर्णयात आहे.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडची ‘बी. बी. सी. आय.’, ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. तिने आपले काम मुंबईकडून नव्हे, तर गुजरातच्या बाजूने सुरू केले, आणि रूळ दक्षिणेकडे सरकत सरकत २८ नोव्हेंबर १८६४ रोजी ग्रँट रोडला येऊन पोहोचले. वाटेतला मोठा अडथळा होता वसईच्या खाडीचा. कर्नल केनेडी यांनी या कंपनीसाठी चिखलात पिळून बसवायच्या लोखंडी खांबांची आणि त्यांवर ठेवायच्या एकसारख्या तुळयांची पद्धत ठरवली होती. दलदलीच्या मुलखात दगडी पायाची वाट पाहत बसायचे नाही, हा तिचा विचार. पुढे ते जुने पूल गेले, नवे आले. पण खाडीवरून सरळ पलीकडे जाण्याचा मार्ग दीडशेहून अधिक वर्षे रेल्वेचाच राहिला. नायगाव आणि भाईंदर समोरासमोर दिसतात, गाडीने काही मिनिटांत गाठता येतात. मोटारीने जायचे तर घोडबंदरचा वळसा. वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू व्हायला २०२४ साल उजाडले.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसात वाजता ती विरार सोडी आणि संध्याकाळी साडेपाचला परत निघे. दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक! तिच्या थांब्यांत वसई होतीच, शिवाय खाडीतले पांजू बेटही होते. आज दर काही मिनिटांनी त्या बेटाजवळून गाडी धडधडत जाते, पण पांजूकरांसाठी एकही थांबत नाही. त्यांना नायगावला यायचे तर होडी लागते. रेल्वेच्या इतिहासात सगळेच पुढे गेले असे नाही.

कोळशाच्या इंजिनाच्या त्या काळात खिडकीतून काय दिसत असेल? खाडी ओलांडली की तिवरांची दाट झाडी, मग मिठागरांचे चौकोन आणि त्यांच्या कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी. पूर्वेला तुंगारचा डोंगर, त्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेली भातखाचरे. पश्चिमेला क्षितिजावर माडांची गडद रेघ, आणि त्या रेघेआड आपल्या वाड्या. प्रवाशाला वाडी दिसत नसे, पण तिचे उत्पन्न फलाटावर दिसे. केळीचे घड, विड्याच्या पानांच्या करंड्या, भाजीच्या पाट्या, पहाटे खुडलेली फुले, दुधाचे हंडे. कुपारी, वाडवळ, सामवेदी, सगळ्यांच्याच घरातले कोणी ना कोणी पहाटेच्या गाडीने दादरचा किंवा बांद्र्याचा बाजार गाठीत असे. मालडब्यातल्या त्या बायांनी घरे चालवली, मुलांच्या फिया भरल्या. आपल्या समाजातील पहिल्या पिढीचे शिक्षक, परिचारिका आणि कारकून याच मिळकतीवर शिकले, हे त्यांच्या नातवंडांना सांगायला हवे.

१९२८च्या जानेवारीत विजेची गाडी बोरीवलीपर्यंत आली आणि १९३६ साली विरारपर्यंत. वसईच्या इतिहासात या दुसऱ्या तारखेला मी १८६४ इतकेच महत्त्व देतो. धुराच्या गाडीने माल मुंबईला जाऊ लागला. विजेच्या गाडीने माणूस रोज जाऊन रोज परत येऊ लागला. वाडी सांभाळून नोकरी करणारा वसईकर हे त्या विजेचे अपत्य. याच रुळांवरून तेव्हा दूरच्या गाड्याही जात. १९२८च्या सप्टेंबरपासून फ्रंटियर मेल पेशावरकडे धावू लागली होती; फाळणीनंतर तिची धाव अमृतसरला थांबली. १९३७ पासून नियमित झालेली फ्लाइंग राणी सुरतेला जाई. तिला १९७९ साली दुमजली डबे लागले आणि रुळांकाठच्या मुलांना एक नवे कौतुक मिळाले. ते डबे २०२३ साली निघाले. कंपनीची ‘पश्चिम रेल्वे’ झाली ती १९५१ साली.

जंक्शनचा मान मात्र वसईला उशिरा मिळाला. दिव्याहून कामण, जुचंद्रमार्गे येणारी लाइन ऐंशीच्या दशकात जोडली गेली, ती मुख्यतः मालगाड्यांसाठी. मुंबईच्या गर्दीत न शिरता पश्चिम आणि मध्य रेल्वेने परस्परांना माल द्यावा, एवढाच तिचा हेतू. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि या आडमार्गाचे भाग्य बदलले. गुजरात-राजस्थानातून केरळकडे जाणाऱ्या गाड्या वसई रोडवरून पनवेलकडे वळू लागल्या. ज्या फलाटावर केळीचे घड रचले जात, तेथे मल्याळी परिचारिका आणि मारवाडी व्यापारी एकाच गाडीची वाट पाहू लागले.

तोवर खिडकीतले दृश्य पालटले होते. १९८८ साली सरकारने वसईची हजारो हेक्टर जमीन बांधकामाला खुली केली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, तो वाचकांपैकी अनेकांनी स्वतः पाहिला आहे. त्या लढ्यामुळे पश्चिमेचा वाड्यांचा पट्टा बराचसा टिकला. रुळांलगतचा टिकला नाही. नवघर, आचोळे, दिवाणमान येथील भातखाचरांत प्रथम मातीचे भराव पडले, मग चार मजली इमारती उठल्या, आणि एका पावसाळ्यात लोकांच्या ध्यानात आले, की गाडीतून तुंगारचा डोंगर आता सलग दिसत नाही. पाणी जिथे मुरत असे तिथे घरे आली; म्हणून पाणी रुळांवर येऊ लागले. दोष केवळ बाहेरच्या बिल्डरांना देऊन चालणार नाही. रुळांजवळची जमीन विकणाऱ्यांत आपलीही माणसे होती. कोणाला मुलीचे लग्न करायचे होते, कोणाला मुलाला आखातात पाठवायचे होते, आणि खारे पाणी शिरलेल्या शेताचे दुसरे करायचे तरी काय, हाही प्रश्न खराच होता.

२०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. नऊ डब्यांच्या गाडीला बारा झाले, २००९ पासून काहींना पंधरा. १९९२ साली चर्चगेट-बोरीवली धावलेली महिला विशेष गाडी पुढच्याच वर्षी विरारपर्यंत आली. २००७ साली बोरीवली-विरारदरम्यान चार मार्ग झाले. तरीही विरार लोकलमध्ये शिरणे हा पराक्रमच राहिला. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी याच मार्गावरील गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, १८०हून अधिक माणसे मेली. घराकडे परतणाऱ्यांच्या त्या गाड्या होत्या.

२९ ऑगस्ट २०२४ रोजी बांद्रा-मडगाव गाडी सुरू झाली. त्याच नोव्हेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले व्हायचे होते, आणि ही गाडी करमळीला थांबते. त्यामुळे आपल्या धर्मग्रामांतून तिचे स्वागत विशेष झाले. गुजरातेतून येणारी गाडी वसईहून सरळ जुचंद्रकडे वळते, पण मुंबईहून आलेल्या गाडीला वसई रोडला थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागते. या खोळंब्यामुळेच वसईकराला गोव्याच्या गाडीत निवांत चढता येते. तो टाळण्यासाठी नायगाव ते जुचंद्र असा सुमारे पावणेसहा किलोमीटरांचा दुहेरी जोडमार्ग मंजूर झाला आहे. तो झाला, की मुंबईची गाडी नायगावहूनच वळेल, आणि तिला वसई रोडला येण्याचे कारण उरणार नाही.