मस्टरवरून कापलेलं नाव

जयंतीच्या बॅनरवर बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. यंदा आमच्या वस्तीत कुणीतरी त्याखाली आणखी एक ओळ टाकली : बॉन विद्यापीठ, जर्मनी. एका शाळकरी पोरानं विचारलं, दादा, जर्मनीत बाबासाहेब काय पास झाले? बॅनर बांधणारे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

खरं उत्तर असं आहे, की तिथं ते काहीच पास झाले नाहीत. दोस्तांनो, हे लपवायचं कारण नाही. १९२१ साली त्यांनी जर्मन भाषेत, स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. त्या एप्रिलात बॉन विद्यापीठाच्या पटावर त्यांचं नाव चढलं. १९२२ च्या जानेवारीत ते कापलं गेलं. कारण काय? व्याख्यानांना गैरहजर.

मी गिरणीतला माणूस. मस्टरवर नाव असणं म्हणजे काय आणि कापलं जाणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावायला नको. खाडे वाढले की नाव जातं. खाडा का पडला, पोर तापानं फणफणत होतं का, गाडीभाड्याला पैसे नव्हते का, याचा रकाना मस्टरात नसतो. म्हणून बॉनची ती नोंद मला लगेच ओळखीची वाटली. मग मी मागं मागं वाचत गेलो. जर्मन विद्यापीठांच्या पटावर बाहेरून आलेल्या, खालच्या मानलेल्या माणसांची नावं कशी चढली आणि कशी गेली, त्याचा हा थोडका इतिहास.

१

पहिलं नाव अँटोन विल्हेल्म आमो. आजच्या घाना देशातल्या अक्सिम गावचा हा काळा पोरगा. १७०७ च्या सुमारास डच कंपनीच्या जहाजातून तो युरोपात आला आणि एका जर्मन सरदाराला भेट म्हणून दिला गेला. भेट म्हणून! घड्याळ द्यावं, पोपट द्यावा, तसं पोर दिलं. सरदाराच्या घराण्यानं त्याला शिकवलं. १७२७ मध्ये त्याचं नाव हाले विद्यापीठाच्या पटावर चढलं.

शिकून त्यानं पहिलं काय केलं? १७२९ साली भर सभेत प्रबंध मांडला. विषय होता, युरोपातल्या काळ्या माणसांचे हक्क. ज्याला वस्तू म्हणून आणलं तोच उभा राहून कायद्याच्या भाषेत विचारत होता, आमचा हक्क काय? १७३४ साली विटेनबर्गला त्यानं तत्त्वज्ञानाचा प्रबंध लिहिला. पुढं हाले आणि येना इथं तो शिकवायला लागला. पण पाठीशी उभे राहणारे मेले, हवा बदलली, त्याची टवाळी करणारं लिखाण छापून आलं. १७४७ च्या सुमारास तो आफ्रिकेला परत गेला. हक्कांवरचा त्याचा प्रबंध आज कुठंच मिळत नाही. तो मांडला गेला एवढीच बातमी उरली आहे. आपल्या माणसानं लिहिलेलं जपून ठेवणारं कुणी नसलं की असं होतं.

बर्लिनमध्ये काळ्या लोकांना हिणवणाऱ्या शब्दावरून एका रस्त्याचं नाव पडलं होतं. लोकांनी वर्षानुवर्षं भांडण चालवलं, प्रकरण कोर्टात गेलं. २०२५ साली त्या रस्त्याला आमोचं नाव मिळालं. नामांतर म्हणजे काय असतं, ते १९७८ ते १९९४ एवढा काळ झगडलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको.

२

दुसरं नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. अमेरिकेतला काळा विद्वान. १८९० साली स्लेटर फंडाचे प्रमुख, माजी राष्ट्राध्यक्ष हेज, यांचं म्हणणं पेपरात छापून आलं. युरोपात शिकायला पाठवावा असा लायक काळा तरुण आम्हांला सापडत नाही, असा त्याचा मतलब. आपल्याकडच्या राखीव जागांवर जो शेरा मारतात तोच हा शेरा : लायक उमेदवार मिळाला नाही. ड्यू बॉइस त्या वेळी हार्वर्डला शिकत होते. त्यांनी पत्र टाकलं, मी आहे. मग पिच्छाच पुरवला. शेवटी ७५० डॉलर मंजूर झाले. त्यातले अर्धे कर्जाऊ.

१८९२ मध्ये ते बर्लिनला दाखल झाले. तिथली रीत इथल्यासारखी नव्हती. वर्षाच्या शेवटी परीक्षा नाही. सहा-सहा महिन्यांची सत्रं. ज्या प्राध्यापकाची व्याख्यानं ऐकायची त्याची फी भरायची, वहीत नोंद करून घ्यायची. एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जायलाही मोकळीक. शेवटी प्रबंध आणि तोंडी परीक्षा. ही मोकळीक मोठी खरी, पण खिशात पैसा असलेल्याला. पैसा नसलेल्याला प्रत्येक सत्र म्हणजे डोक्यावर टांगलेली तलवार.

ड्यू बॉइस श्मोलर, वाग्नर अशा बड्या अर्थशास्त्र्यांकडे शिकले. भाड्याच्या खोलीत राहिले. सुट्टीत रेल्वेच्या स्वस्त डब्यातून फिरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रंगाच्या पलीकडं माणूस म्हणून वागवलं गेलं. मात्र ट्राइट्श्के नावाचा प्राध्यापक त्याच विद्यापीठात व्याख्यान देताना मिश्र वंशाचे लोक हलके म्हणून गरजत होता, आणि ड्यू बॉइस समोर बाकावर बसून ते ऐकत होते. तेव्हा जर्मनी म्हणजे स्वर्ग, अशी समजूत कुणी करून घेऊ नये.

दक्षिणेकडच्या राज्यांतल्या शेतीवर त्यांनी जर्मनमध्ये प्रबंध लिहिला. श्मोलर पाठीशी होते. पण पदवीसाठी लागणारी सत्रं भरत नव्हती. आणखी मुदत हवी होती, म्हणजे आणखी पैसा. फंडानं नाही म्हटलं. १८९४ साली हा माणूस जहाजाच्या सगळ्यात खालच्या वर्गातून अमेरिकेला परतला. १८९५ मध्ये हार्वर्डनं डॉक्टरेट दिली. बर्लिनच्या विद्यापीठानं दिली ती १९५८ साली, मानद. तेव्हा त्यांचं वय ९० होतं.

डोकं कमी पडलं नव्हतं. सत्रं कमी पडली होती.

३

आता बॉन. हे विद्यापीठ १८१८ सालचं. १८१८ म्हटलं की आपल्याला १ जानेवारी आणि भीमा कोरेगाव आठवतं. त्याच वर्षी ऱ्हाइन नदीच्या काठावर हे विद्यापीठ उभं राहिलं आणि तिथं श्लेगेल नावाच्या पंडितानं संस्कृतचा अभ्यास सुरू केला. १८२३ साली त्यानं देवनागरी खिळ्यांत गीता छापली, लॅटिन भाषांतरासकट. म्हणजे ख्रिस्ती घरातला जर्मन पोरगा खुशाल संस्कृत शिकत होता. आणि मुंबईच्या शाळेत भीमरावाला संस्कृत नाकारलं गेलं, पर्शियन घ्यावं लागलं. ज्या भाषेत आमच्या गुलामीचे कायदे लिहिले ती भाषा सातासमुद्रापलीकडच्यांना खुली, आणि इथल्यांना बंद!

बाबासाहेब १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला गेले ते कशावर? कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची १,५०० रुपयांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये कर्ज. मागं रमाई परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. लंडनमध्ये सकाळपासून ग्रंथालय, रात्री पापडाच्या तुकड्यावर भागवणं. हाताशी एकाच वेळी तीन कामं : लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पदव्या, ग्रेज इनची बॅरिस्टरी आणि त्यात बॉन.

तेव्हाचं जर्मनी युद्धात हरलेलं. ऱ्हाइनकाठावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा बसलेल्या. मार्क हे त्यांचं नाणं रोज घसरत होतं. १९२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला ६० च्या आसपास मार्क मिळायचे, १९२३ च्या नोव्हेंबरात ४ लाख कोटींच्या वर गेले. परकी नाणं असलेल्याला तिथं राहणं स्वस्त, म्हणून देशोदेशीचे विद्यार्थी जर्मनीकडं वळले. विद्यापीठांनीही परक्यांची फी वाढवली. झाकीर हुसेनही त्याच काळात बर्लिनला गेले आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले.

बॉनच्या पटावर बाबासाहेबांचा खाडा पडत होता, तेव्हा लंडनमध्ये काय चाललं होतं बघा. १९२१ मध्ये एम.एस्सी. १९२२ मध्ये बॅरिस्टर. १९२२ च्या ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध विद्यापीठाला सादर. १९२३ मध्ये त्यावरच डी.एस्सी. शेजारच्या देशात नाणं विरघळत असताना हा माणूस आपल्या देशाच्या नाण्याचं कोडं सोडवत बसला होता. गैरहजर म्हणे! कुठं गैरहजर? पैसेवाल्याला एक शिक्षण संपवून दुसरं धरता येतं. आपल्या माणसाला पैसे संपायच्या आत सगळंच धरावं लागतं, आणि त्यात एखादं हातून सुटतं. बॉन सुटलं.

म्हणून म्हणतो, पदव्यांची खोटी यादी वाढवू नका. कुणी बत्तीस लिहितो, कुणी आणखी. शत्रू एक खोटी पदवी पकडतो आणि खऱ्या पदव्यांवर हसतो. ज्यांनी आयुष्यभर पुरावा देऊन लिहिलं, त्यांच्या नावानं बिनपुराव्याची ओळ का छापायची?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं. निग्रोंचा आणि अस्पृश्यांचा प्रश्न सारखा आहे असं सांगितलं आणि संयुक्त राष्ट्रांकडं गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइसनी उत्तर दिलं, तुमचं नाव मला ठाऊक आहे, सहानुभूती आहे. जर्मन पटावर पदवीवाचून राहिलेली ही दोन नावं जगाच्या कोर्टात एकमेकांना हाक मारत होती.

४

पटावरून नाव कापण्याचं सगळ्यात काळं वर्ष १९३३. हिटलरच्या सरकारनं कायदाच केला, की नव्या प्रवेशात ज्यू विद्यार्थी दीड टक्क्याच्या वर नकोत. तिथं गैरहजेरीचा बहाणाही लागला नाही. जन्म पुरला. आपल्याला जन्मावरून दार बंद होणं म्हणजे काय ते माहीत आहे.

आणि आज? जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथं भारतीय विद्यार्थी सुमारे ४९ हजार होते. परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यांत जास्त. ऐकून बरं वाटतं. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत अडकवून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो ठरली, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. फी माफ, पण दारात दहा लाख. तिथं गेल्यावरही दर सत्राला नोंदणी पुन्हा करायची आणि ठरलेले पैसे भरायचे. चुकलं की नाव पटावरून कमी. मस्टर तेच आहे.

त्या ४९ हजारांत आपले किती? जर्मन पटावर जातीचा रकाना नाही, म्हणून तिथून कळणार नाही. मोजायचं तर आपणच मोजलं पाहिजे. वस्तीवस्तीत वही घाला. कोण शिकतोय, कुठं अर्ज केलाय, सरकारी शिष्यवृत्तीचा हप्ता कुणाचा अडकलाय, कुणाला कुठल्या महिन्यात किती कमी पडतात, ते लिहा. जयंतीला डीजेवर जातो त्यातला निम्मा पैसा त्या वहीकडं वळवा. ड्यू बॉइसना एक फंड नाही म्हणाला आणि पदवी गेली. आपल्या पोराला नाही म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या वेळी हो म्हणणारी वर्गणी आपल्याकडं जमा पाहिजे.

बॅनरवरची ती ओळ आम्ही काढली नाही, दुरुस्त केली. 'बॉन विद्यापीठ, जर्मनी : नाव दाखल १९२१, नाव कमी १९२२.' त्या पोरानं ती वाचली आणि विचारलं, दादा, का कमी केलं? मग संध्याकाळी बॅनरखाली बसून त्याला हे सगळं सांगितलं. आणखी सात-आठ पोरं येऊन बसली.