आजोबांची पेटी उघडून बघा

परवा अक्कलकोट तालुक्यात एका मित्राचं जुनं घर पाडताना लोखंडी पेटी निघाली. आत आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली पत्रं. ठिकाणाचं नाव कुठंच नाही, नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि सेन्सॉरचा शिक्का. प्रत्येक पत्रात तेच: मी खुशाल आहे, बैलांकडं लक्ष ठेवा. तळाशी 1946 चं डिस्चार्ज बुक.

त्या युद्धात हिंदुस्थानी फौज 25 लाखांवर गेली होती. 10 जुलै 1944 ला इटलीत धारातीर्थी पडलेले माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नाव राहिलं. बाकी लाखो जवान युद्ध संपल्यावर घरी पाठवले. शिपायाच्या पेन्शनला 15 वर्षं नोकरी लागायची. यांची पाच-सहाच भरलेली. पेन्शन शून्य.

पुढं राज्य सरकारनं पेन्शन नसलेल्या अशा सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मदत सुरू केली. पण ही आजी शेवटपर्यंत दुसऱ्याच्या रानात खुरपत राहिली. पुरावा तिच्याच खाटेखाली होता. वाचून सांगणारं कुणी नव्हतं.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर रद्दीत घालू नका. उघडा, फोटो काढा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा.