दोन कुलुपांची वखार

अगदी दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडच्या बाँडेड गोदामाच्या दाराला दोन कुलुपं असत. एक गोदामवाल्याचं, एक कस्टम्सचं. माल व्यापाऱ्याचा, पण त्यावरची ड्यूटी सरकारची. ती भरेपर्यंत दोन्ही किल्ल्या जुळल्याशिवाय दार उघडत नसे.

ही तजवीज घडली लंडनमध्ये. अठराव्या शतकात व्हर्जिनियाची तंबाखू तिथे उतरली की जकात लागे आणि तीच परदेशी पाठवली की परत मिळे. मेख या परताव्यात होती. येताना वजन कमी दाखवायचं, जाताना जास्त! ब्रिटनचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याने 1733 मध्ये तोड सुचवली: माल सरकारी वखारीत ठेवा, देशात विकायला काढाल तेव्हाच अबकारी कर भरा. चहा-कॉफीला त्याने हा नियम दहाएक वर्षं आधीच लावला होता. पण आता अबकारी शिपाई घराघरांत घुसणार, अशी आवई उठली. वॉलपोलचे पुतळे जळाले, संसदेतलं मताधिक्य 61 वरून 17 वर आलं आणि विधेयक बासनात गेलं.

ते बाहेर यायला सत्तर वर्षं लागली. थेम्सवरच्या चोऱ्यांना वैतागून व्यापाऱ्यांनी बांधलेली वेस्ट इंडिया गोदी 1802 मध्ये सुरू झाली. तिच्याभोवती वीस फूट उंच भिंत होती. अशा बंदिस्त गोद्या झाल्यावर 1803 च्या कायद्याने जकात न भरता माल वखारीत ठेवायची मुभा दिली. बदल्यात व्यापाऱ्याने जकात भरण्याची हमी देणारा बाँड लिहून द्यायचा. आपल्या जुन्या दप्तरांतला जामीनकतबाच तो. म्हणजे बाँडने बांधला जाई तो व्यापारी; नाव मात्र गोदामाला चिकटलं. वखारीत खराब होऊन जकात भरण्याच्याही लायकीची न उरलेली तंबाखू लंडन गोदीतल्या भट्टीत जाळत. लोक त्या भट्टीला म्हणत ‘राजाची चिलीम’.

भारतात आज ही व्यवस्था 1962 च्या सीमाशुल्क कायद्याखाली चालते. 2016 मध्ये सरकारने बहुतेक बाँडेड गोदामांवरचं आपलं कुलूप काढून घेतलं आणि हिशेबाच्या नोंदींवर भिस्त ठेवली. सोनं-चांदी, ड्यूटी-फ्री दुकानांचा माल अशा मोजक्या गोष्टी तेवढ्या कुलपात राहिल्या.

त्याच वर्षी बाँडची रक्कमही बदलली. आधी ती ड्यूटीच्या दुप्पट होती, आता तिप्पट आहे.