रक्तातील वारसा आणि आपले विवाहसंबंध

आपल्या मंडळाची स्मरणिका हाती घेणारा ज्ञातिबांधव तीत दोन गोष्टी प्रथम पाहतो : एक पूर्वजांचा इतिहास आणि दुसरी विवाहेच्छु मुलामुलींची सूची. या दोहोंचा निकटचा संबंध दाखविणारा एक इतिहास मात्र कोणत्याही कुलवृत्तांतात नोंदलेला आढळत नाही. तो आपल्या रक्तात आहे. सिकलसेल नामक विकाराचा हा इतिहास विदर्भातील व सातपुड्याच्या परिसरातील अनेक समाजांशी निगडित असल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या विकाराची शास्त्रीय हकीकत १९१० साली सुरू होते. ग्रेनाडा बेटातून दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागो येथे आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या, आणि डॉ. जेम्स हेरिक यांनी त्याचे वर्णन त्या वर्षी प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे मूळ रक्तातील हिमोग्लोबिनच्या रचनेतच असल्याचे सिद्ध केले. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी तो फरक नेमका हुडकून काढला : १४६ घटकांच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो भेद! परंतु एवढ्या भेदाने प्राणवायू कमी पडताच पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्णास असह्य वेदना होतात.

येथे विचारी माणसास शंका येईल की, इतका घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला तरी कसा? त्याचे उत्तर पूर्वजांच्या भूमीत आहे. आईबाप दोघांकडूनही हा गुण आला तरच रोग होतो. एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक होतो व सामान्यतः धडधाकट राहतो. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराविषयी १९४९ साली असे अनुमान मांडले होते की, त्याचे वाहक हिवतापास अधिक तोंड देऊ शकत असावेत. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचा अंत झाला. सिकलसेलच्या बाबतीत पुरावा दिला तो अँथनी अ‍ॅलिसन यांनी. पूर्व आफ्रिकेत समुद्रकाठी व व्हिक्टोरिया सरोवराभोवती, म्हणजे जेथे हिवताप दाट तेथे, वाहक पुष्कळ. उंच व कोरड्या मुलखात थोडे. १९५४ साली त्यांनी दाखविले की, घातक हिवतापापासून वाहकांस बरेच संरक्षण मिळते. ज्या मुलखात हिवताप घरोघरी बालके नेत असे, तेथे वाहक बालक जगले, वाढले आणि त्याचा वंश टिकला.

हा नकाशा जातीपातीच्या सीमा मानीत नाही. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस आणि भारत येथे तो डासांच्या व दलदलीच्या मागोमाग गेला आहे. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये हा गुण आढळला आणि पुढे विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा व गुजरात येथील अनेक समाजांत त्याचा पत्ता लागला. तेव्हा यात कोणत्याही कुळाला कमीपणा नाही. ज्या पूर्वजांनी रानात व भातखाचरांत राहून हिवतापाशी झुंज दिली, त्यांच्या जगण्याची ती खूण आहे.

परंतु काळ पालटला. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली व या रोगाचा जोर पुष्कळ ओसरला. ढालीचे काम आटोपले. तिचे ओझे मात्र वंशजांच्या पाठीवर राहिले. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत रुग्ण अपत्याचा संभव शेकडा २५, वाहक अपत्याचा ५० आणि या गुणापासून मुक्त अपत्याचा २५ असतो. एखाद्या समाजात दहांत एक वाहक असेल, तर सहजगत्या जुळलेल्या शंभर विवाहांपैकी सुमारे एकात दोघेही वाहक निघतील. गोत्र भिन्न असले म्हणून हे टळत नाही, कारण हा गुण गोत्र पाहून चालत नाही. आपण ज्ञातीतच सोयरीक करतो. म्हणून हा हिशेब आपणांस अधिक लागू पडतो.

उपाय सोपा दिसतो : विवाहापूर्वी रक्त तपासावे. तथापि ग्रीसमधील ओर्कोमेनोस गावाचा अनुभव येथे ध्यानी घेण्याजोगा आहे. कोपाईस सरोवराच्या दलदलीशेजारच्या या गावात वाहक पुष्कळ होते. सरोवर कोरडे झाले तरी गुण राहिला. संशोधकांनी गावाची तपासणी करून वाहकांस समज दिली. पण लोकांनी वाहकांनाच कलंक लावला. कित्येकांनी आपली अवस्था लपवून लग्ने केली आणि वाहकावाहकांचे विवाह काही घटले नाहीत! तपासणी झाली, पण माणुसकी कमी पडली; त्याचे हे फळ.

आपल्याकडेही मुलीच्या पित्याकडूनच कागद मागण्याची रीत आहे. रक्ताच्या कागदाचे तसे होऊ नये. भारत सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून, २०४७ पर्यंत हा विकार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, असे त्याचे उद्दिष्ट आहे. या कार्यात आपल्या मंडळानेही वाटा उचलावा. आमची सूचना अशी की, सूचीत नाव देणाऱ्या प्रत्येक मुलाने व मुलीने तपासणी करून घ्यावी. तिचा निकाल छापू नये. तो ज्याचा त्याच्या हाती राहावा आणि बोलणी ठरण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी तो परस्परांस विश्वासाने सांगावा. सिकलसेलबरोबर थॅलेसेमियाचीही चाचणी करावी, कारण त्या दोहोंच्या संयोगानेही अपत्यास विकार जडतो. दोघेही वाहक निघाल्यास तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निर्णय वधूवरांचा असावा. आणि ज्या घरी रुग्ण बालक आहे, त्या घराशी संबंध जोडताना कोणी मागे सरू नये.

पूर्वजांचा अभिमान आपण नित्य बाळगतो. त्यांनी दिलेला हा वारसा लाज न बाळगता ओळखणे आणि पुढील पिढीस त्याच्या वेदनेपासून वाचविणे, हेही त्यांच्या ऋणातून उतराई होणेच आहे, असे आम्हांस वाटते.