सिनेगॉगची किल्ली मशिदीकडे

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील व्हिक्टोरिया हे सुमारे ६५ हजार लोकवस्तीचे शहर. येथील मुस्लिम समाज लहान. ज्यू समाज तर त्याहूनही लहान, जेमतेम पंचवीस-तीस जणांचा. २८ जानेवारी २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर येथील इस्लामिक सेंटरची मशीद आगीत भस्मसात झाली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा अध्यक्षीय आदेश आदल्याच दिवशी निघाला होता व त्यावरून देशातील वातावरण तापलेले होते.

किल्ली आणि निधी

दुसऱ्या दिवशी जळालेल्या वास्तूसमोर विविध धर्मांचे शेकडो नागरिक प्रार्थनेसाठी जमले. ‘टेंपल ब्नाय इस्राएल’ या ज्यू प्रार्थनामंदिराच्या, म्हणजेच सिनेगॉगच्या, विश्वस्तांनी आपली किल्ली मुस्लिम बांधवांच्या स्वाधीन केली. नमाजासाठी जागा देण्याची तयारी स्थानिक चर्चनीही दर्शविली. पुनर्बांधणीसाठी इंटरनेटवरून केलेल्या आवाहनाला प्रतिसाद देत देशोदेशीच्या दात्यांनी अल्पावधीत १० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा केली.

सहानुभूतीचे शब्द अशा प्रसंगी अनेकांकडून येतात. मात्र, उपासनास्थळावर हल्ला करणाऱ्याचा हेतू केवळ इमारत पाडण्याचा नसतो. तेथे जमणाऱ्यांना विखुरण्याचा असतो. दुसऱ्या धर्माच्या वास्तूत नमाज होऊ शकतो, एवढ्यानेच तो हेतू निष्फळ ठरतो. किल्लीचे मोल यातच आहे.

निकाल आणि पुनर्बांधणी

फेडरल न्यायालयात आग जाणूनबुजून लावल्याचे सिद्ध होणे पुरेसे नव्हते. ती धर्मद्वेषातून लावली, हेही सिद्ध करावे लागले. जुलै २०१८ मध्ये ज्यूरींनी आरोपीस दोषी ठरविले आणि ऑक्टोबरमध्ये त्याला २४ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. दरम्यान, सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच जागी नवी मशीद उभी राहिली होती.

साखळी आणि परतफेड

व्हिक्टोरियातील आगीच्या दुसऱ्याच दिवशी कॅनडातील क्युबेक शहराच्या मशिदीत गोळीबार होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या शुक्रवारी टोरंटोत ज्यू व अन्य धर्मीयांनी मशिदींभोवती मानवी साखळी धरली.

२७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांची हत्या झाली, तेव्हा मदतीला मुस्लिम संघटना धावल्या. त्यांनी पीडित कुटुंबांसाठी दोन लाख डॉलरहून अधिक निधी उभारला. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांचे बळी गेल्यावर पिट्सबर्गच्याच ज्यू समाजाने तेथील कुटुंबांसाठी निधी गोळा केला.